हातावरचं दही

फाटकावर पाटी होती : 'दूध चालेल. दही, ताक, चक्का, लोणी आत आणू नये.' तिच्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'आणि आणलंच, तर आम्हाला बोलवू नये.' वॉचमननं ते पुसलं, लिहिणारा परत लिहून गेला, आणि शेवटी वॉचमननंच नाद सोडला. त्या इमारतीत कुणी कुणाची थट्टा केल्याची ही एवढीच खूण होती. म्हणून इंद्रजित जाता-येता ते वाचायचा आणि कोण असेल बरं हा, असा विचार करत जिना चढायचा.

पुण्याबाहेरच्या त्या वस्तीत रिक्षावाले तिला 'बिनदह्याची बिल्डिंग' म्हणत. आत राहणारी सगळी माणसं एकाच दुखण्यातून उठलेली. कुणी विशीतलं, कुणी साठीचं. सगळ्यांची आतडी वर्षानुवर्षं सुजलेली, जखमांनी भरलेली, आणि आता ठणठणीत. अशा माणसांनी एकत्र आल्यावर रोज जत्रा भरायला हवी होती. पण आजारी माणसाला दार लावून घ्यायची सवय लागते आणि आजार गेला तरी ती सवय काही जात नाही. जिन्यात भेटले की ते हसायचे, 'बरंय ना?' विचारायचे, 'बरंय' म्हणायचे आणि आपापलं कुलूप उघडायचे.

इंद्रजित पिसाळ तिशीला टेकला होता. गावोगावच्या नळपाणी योजनांचे पंप लांबून सांभाळायचं काम तो घरातूनच करायचा. कुठल्या गावाची टाकी भरली, कुठली मोटर तापली हे त्याला पडद्यावर दिसायचं. शेकडो गावांना पाणी पाजणाऱ्या या माणसाशी दिवसभरात एक माणूसही बोलायचा नाही. तो मिसळ खायचा, भजी खायचा, लोणच्याची फोड चोखायचा. लहानपणी ज्याची स्वप्नं पडायची ते सगळं खायचा, आणि एकटा खायचा.

मध्ये ऑफिसातल्या मनाली शेट्येनं त्याला घरी बोलावलं होतं, भाचीचा वाढदिवस म्हणून. तो नवा शर्ट घालून गेला. दार उघडंच होतं. समोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं पातेलं दिसलं आणि आंबूस वास आला. मनालीची आई हात पुसत 'या, या' म्हणत पुढे आली. तो उंबऱ्यावरूनच 'अर्जंट फोन आलाय' म्हणाला आणि जिना उतरला. माणूस साप बघून जसा मागे सरकतो तसा तो एका पातेल्याला बघून सरकला होता. मनालीला त्यानं खरं कारण नंतर सांगितलं. ती सगळं समजून घेऊन 'ओह, सॉरी' म्हणाली. परत तिनं बोलावलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

दुखणं सुरू झालं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. विट्याला त्यांचा चक्क्याचा धंदा होता. घराच्या मागच्या अंगाला लांबलचक शेड, त्यात दह्याच्या मोठाल्या कढया, आणि आढ्याला ओळीनं टांगलेली फडकी. त्यांतून रात्रंदिवस पाणी ठिबकायचं. आई तो लहान असतानाच गेली होती. घरात वडील हिंदुराव, म्हणजे आबा, आणि आबांची थोरली बहीण छबूआत्ती. शेडमध्ये हाताखाली बाजीराव नावाचा गडी.

आधी वाटलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मग रक्त दिसलं. मग ते दिसतच राहिलं. शाळेत तासाला चारदा हात वर करणाऱ्या पोराला मुलं काय नाव ठेवतात हे सांगायला नको. गोळ्यांनी तोंड सुजून पुरीसारखं झालं, हातपाय काड्यांसारखे राहिले. लग्नाला जायचं तर आधी मांडवामागे काय सोय आहे ते बघायचं. एसटीत बसायचं तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, म्हणजे गाडी थांबवा म्हणायला बरं. विटा ते सांगली रस्त्यावरचा प्रत्येक पेट्रोल पंप त्याला ठाऊक होता, तो तिथल्या पेट्रोलसाठी नव्हे. पोरगं वयात यायच्या आधीच म्हाताऱ्यासारखं हिशेबी झालं.

घरातला संडास अंगणाच्या कडेला होता, पत्र्याच्या दाराचा. इंद्रजित आत तास तास बसायचा. पोटात पीळ पडायचे, घाम फुटायचा, भिंतीला डोकं टेकून तो रडायचा. सुरुवातीला आबा बाहेर नुसते येरझारा घालायचे. एक दिवस त्यांनी शेडमधून लोखंडी खुर्ची ओढत आणली आणि दाराबाहेर ठाण मांडलं.

"इंदर," ते म्हणाले, "आज कडंची कढई रुसलीया बघ. सकाळधरनं दही लागंना. बाजीराव म्हणतोय दूध बाटलं. म्या म्हणलं, दूध न्हाय, तुझं ध्यान बाटलंय."

आत नुसतं कण्हणं चालू होतं.

"चक्का पानी सोडंना झालाय. तुझी आत्ती म्हणती, दृष्ट काढा. चक्क्याची दृष्ट काढतंय का कोण?"

आतून एक हुंदका आला आणि त्यातच हसू फुटलं.

"बस निवांत," आबा म्हणाले. "येळ लागू दे. म्या हाय हितं."

त्या दिवसापासून ती रीतच पडली. चक्क्याचं काम सोडून, हाताला दही तसंच, आबा खुर्चीत येऊन बसायचे आणि दाराशी बोलायचे. गिऱ्हाईकं, भाव, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा टेम्पो उलटला. गावात लोक हसायचे, हिंदुराव संडासाशी गप्पा मारतो म्हणून. हिंदुरावांना त्याची फिकीर नव्हती. इंद्रजितला मात्र पुढे कित्येक वर्षं वाटायचं, की दुनियेत आपल्याइतका एकटा कुणी नसेल, फक्त संडासात गेल्यावर तेवढं तसं वाटत नाही.

औषधं बदलत गेली. एक लागू पडायचं, वर्षभरानं थकायचं. आतड्याचा एक तुकडा कापूनही झाला. मग तो तेविशीत असताना सांगलीच्या डॉ. तांबोळी मॅडमनी दोघांना समोर बसवून नव्या उपचाराबद्दल सांगितलं.

"या दुखण्यात शरीर आपल्याच आतड्याला परकं समजतं," त्या म्हणाल्या. "तिथं सूज आणतं, जखमा करतं. आजवरची औषधं काय करायची, तर सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून टाकायची. आता एक जिवाणू तयार केलाय. दुधाचं दही करणारे जे जिवाणू असतात ना, त्यांच्यातलाच एक. त्याच्यात दोन बदल केलेत. एक म्हणजे, तो आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो, वाहून जात नाही. दुसरा, जिथं सूज येऊ लागली तिथंच तो सूज शांत करणारं प्रथिन तयार करतो. जेवढी सूज, तेवढंच औषध, आणि तेही जागच्या जागी. एकदा वस्ती नीट बसली की वर्षानुवर्षं राहते."

आबा पुढे सरकून बसले होते. "म्हंजी दह्याचाच किडा हाय म्हणा की."

"दह्याच्याच घराण्यातला."

"मग तर घरचंच औशीद झालं," आबा म्हणाले आणि हसले. कैक दिवसांनी ते असे हसले होते. बारा वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्यावर औषध आपल्याच शेडमधून निघावं याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

डॉ. तांबोळी हसल्या नाहीत. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "हिंदुराव, तुमच्याकडे कधी अख्ख्या कढईचं दही लागतच नाही, असं होतं ना?"

"हुतं की. इरजन मरतंय. मग समदं वतून द्यायचं, कढया उकळत्या पान्यानं धुवायच्या, दुसऱ्याकडनं इरजन आनायचं."

"ते मरत नाही, त्याला मारतात. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. माणसाला त्यांचा काही त्रास नाही, आपण दह्याबरोबर रोज ते खातो. पण दह्याच्या जिवाणूंच्या ते मुळावर येतात. आणि हा नवा जिवाणूही त्याच घराण्यातला."

आबांना आधी कळलं नाही. मग हळूहळू कळलं. ते इंद्रजितला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ते कुटं असत्यात?" त्यांनी विचारलं.

"जिथं दही लावतात तिथं सगळीकडे. भांड्यांत, गटारात, भिंतीच्या ओलीत, हवेतसुद्धा. रोज दह्यात काम करणाऱ्याच्या हातांवर, कपड्यांवर, केसांत."

आबांनी टेबलावरचे हात खाली घेतले आणि मांडीखाली दाबून धरले.

"धुतलं तर?"

"कमी होतील. जाणार नाहीत."

"आन म्या धंदाच बंद केला तर?"

"त्या घरात ते पुढं कैक वर्षं राहतील. मी खोटा दिलासा देणार नाही," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "आणि दुसरी गोष्ट. ही वस्ती एकदाच बसवता येते. विषाणूनं गाठलं तर सगळे जिवाणू एकदम फुटतात. त्यांचे तुकडे शरीर ओळखून ठेवतं, आणि पुन्हा दिले तर टिकू देत नाही. म्हणजे गेलं ते गेलं."

घर आल्यावर आबांनी एवढंच म्हटलं, "तू जायाचं."

इंद्रजित नको म्हणाला. आठ दिवस नको म्हणत राहिला. त्यातले तीन दिवस त्याचे अंगणाच्या कडेला गेले. तिसऱ्या दिवशी आबा दाराबाहेर बसून बोलले, पण चक्क्याबद्दल नव्हे. "मला तुझं हे दार कायमचं बंद झाल्यालं बघायचंय," ते म्हणाले. "मग तू कुटं का असंना."

घरातून कुणी परगावी, परीक्षेला, मोठ्या कामाला निघालं की हातावर दही ठेवायचं, त्यानं ते चाटायचं आणि मागे न बघता बाहेर पडायचं, ही रीत घरोघरी असते. पिसाळांच्या घरात ती जरा जास्तच कडक होती. चक्केवाल्याच्या घरचा माणूस दह्याशिवाय उंबरा ओलांडतो म्हणजे काय. इंद्रजितला दहावीला, बारावीला, ऑपरेशनला निघतानाही आबांनी आपल्या हातानं दही दिलं होतं. तो उपचारासाठी आणि पुढं तिकडंच राहायला पुण्याला निघाला त्या दिवशी आबा वाटी घेऊन आले, आणि वाटीत नुसती साखर होती. त्यांनी ती चमच्यानं त्याच्या हातावर टाकली, हाताला हात न लावता.

तेव्हापासून त्यांनी त्याला शिवणं सोडलं ते सोडलंच.

वर्षातून चार-पाचदा दोघं सातारा स्टँडवर भेटायचे. मध्यावर पडायचं म्हणून, आणि उघड्यावर वारा असतो म्हणून. आबा आंघोळ करून, नखं कापून विट्याहून यायचे, आणि त्याच्यासमोर यायचे ते कोऱ्या शर्टात. शर्ट खरोखरच कोरा असायचा. घडीच्या रेघा उठून दिसायच्या, कॉलरमध्ये पुठ्ठा तसाच राहिलेला असायचा. घरातले धुतलेले कपडेही चालणार नाहीत म्हणून ते दर वेळी साताऱ्यातच उतरल्यावर शर्ट घ्यायचे, तिथंच स्टँडवर बदलायचे आणि जुना पिशवीत कोंबून पिशवी दूर नेऊन ठेवायचे. मग बाकड्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला इंद्रजित. मध्ये दोन माणसं सहज बसली असती. कधी कधी कुणी बसायचंही, आणि दोघं त्या अनोळखी माणसाच्या डोक्यावरून बोलायचे.

"जेवतुयास का?"

"जेवतो की. काल मटण केलं होतं."

"तिकाट?"

"चांगलं झणझणीत."

"आन काय तरास?"

"काय नाही, आबा. तुमची शपथ."

आबा मान डोलवायचे आणि समोरच्या फलाटाकडे बघत बसायचे. पोरगं मटण खातंय हे त्यांना पुनःपुन्हा ऐकायचं असायचं. त्यापलीकडे दोघांना बोलायला फारसं सुचायचं नाही. बारा वर्षं दारातून भरभरून बोललेली माणसं ती, पण समोरासमोर बसल्यावर त्यांना जमेना. गाडी लागली की आबा उठायचे, हात उचलायचे आणि अर्ध्यावर थांबवून पाठीमागे घ्यायचे. ते बघणं इंद्रजितला दर वेळी जड जायचं.

सहा वर्षं अशी गेली.

छबूआत्तीचा फोन आला तेव्हा तो कुठल्याशा गावची मोटर बंद करत होता. आबा शेडमध्ये फडकं बांधता बांधता कोसळले होते. डोक्यात रक्ताची गाठ. इंद्रजित मिरजेला पोचला, अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभा राहिला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंच, पण शब्द हाताशी येत नाहीत. काही जुन्या गोष्टी पक्क्या राहतील, काही पुसल्या जातील. कुठल्या, ते सांगता येत नाही.

आबांना विट्याला घरी नेलं. इंद्रजितनं पुण्यात बसून सगळी व्यवस्था लावली. दिवसाची नर्स, व्यायामाला माणूस, पलंग. बाजीराव शेड बघत होता. आत्ती सत्तरीच्या पुढची, तिला उचलणं-बसवणं झेपत नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणायची, "सगळी करत्यात रं. पर तो दाराकडं बघतुया."

त्यानं डॉ. तांबोळींना फोन लावला.

"पूर्ण झाकून गेलो तर?"

"तासभर," त्या म्हणाल्या. "अंगभर सूट, मास्क, चष्मा, हातमोजे. तिथं पाणीसुद्धा पिऊ नकोस. निघताना सगळं दाराबाहेर काढून टाक. आणि इंद्रजित, एकदाच. रोजची सवय करू नकोस."

अंगणात पाय ठेवला आणि मास्कमधूनही तो वास आला. आंबूस, ओला, ओळखीचा. शेडमध्ये पाणी ठिबकत होतं. कडेचा पत्र्याचा दरवाजा गंजला होता, आणि त्याच्यासमोर लोखंडी खुर्ची तशीच होती. इतक्या वर्षांत ती कुणी उचलली नव्हती.

आत्ती त्याला बघून दचकली, मग पदर तोंडाला लावून रडली. जवळ आली नाही. तिलाही सगळे नियम पाठ होते.

"त्याची कापडं काढून देती, नर्सबाईला पायजेत," म्हणत तिनं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात शर्टांची चळत होती. पांढरे, आकाशी, बारीक चौकड्यांचे, सगळे एकेकदा घातलेले. काहींच्या कॉलरमध्ये अजून पुठ्ठा होता.

"हे का वापरत नव्हते?" त्यानं विचारलं.

"तुला भेटायचं शर्ट म्हनायचा. शेडात घालू द्यायचा न्हाय कुनाला. म्या एकदा बाजीरावला दिला तर दोन दिस माज्याशी बोलला न्हाय."

इंद्रजितला काचेच्या चष्म्याआड डोळे पुसता येईनात.

आबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. निम्मा चेहरा ओघळलेला. त्यांनी दारातल्या पांढऱ्या सूटकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली. पुन्हा सुई टोचायला कुणी आलंय, असं त्यांना वाटलं असावं.

"आबा, मी इंदर."

आबांनी डोळे मिटून घेतले.

तो पलंगाशेजारी बसला. मोज्याच्या हातानं त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. त्यानं पुण्याचं सांगितलं, पंपांचं सांगितलं, मटण केलं म्हणून सांगितलं. मास्कमधून आवाज भलताच, जाडाभरडा येत होता. आबा भिंतीकडेच बघत राहिले. तास सरत आला. आत्ती दुपारचा दहीभात कालवून घेऊन आली आणि वाटी पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. बाजूला दह्याचं पातेलं. गिळायला आबांना तेवढंच सोपं जात होतं.

"जा बाबा आता," ती हळू आवाजात म्हणाली. "मॅडमनी तासच सांगितलाय ना?"

इंद्रजित उठला. आपण आलो काय आणि गेलो काय, यांना काही कळलंच नाही, असं त्याला वाटलं. दारापर्यंत गेला आणि सवयीनं वळून म्हणाला,

"आबा, येतो मी."

आबांनी मान वळवली. घरातून कुणी निघतंय एवढं त्यांना त्या दोन शब्दांत कळलं. त्यांचा डावा हात पलंगावरून घसरत स्टुलाकडे गेला, चाचपडत वाटी ओलांडून पातेल्यात बुडाला. दोन बोटांवर दही घेऊन त्यांनी हात पुढे केला. दही चादरीवर सांडत होतं. दही द्यायचं ते उजव्या हातानं, अशी आत्तीची आयुष्यभराची शिस्त, पण उजवा हात आता उचलतच नव्हता.

सहा वर्षं ज्या माणसानं स्टँडवर प्रत्येक वेळी हात आवरला होता, त्याच्या डोक्यातून तेवढाच नियम पुसला गेला होता. त्याच्या आधीपासूनची दह्याची रीत तेवढी राहिली होती.

इंद्रजित जवळ गेला. त्यानं तळवा पुढे केला. आबांनी दही ठेवलं आणि थांबले. पांढऱ्या रबरावर पांढरं दही. त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटांनी मोज्याचं टोक धरून ओढायला लागले, लहान मूल खेळण्यावरचा कागद ओढतं तसं.

"न्हाय रं हिंदू, सोड," आत्ती पुढे झाली. "इंदर, तू जा. त्याला काय समजत न्हाय."

इंद्रजित गेला नाही. त्याला सगळं समजत होतं. गेलं ते गेलं, हे डॉ. तांबोळींचं वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. पत्र्याच्या दारामागचे पीळ आठवत होते, शाळेतलं नाव आठवत होतं, रक्त आठवत होतं. ते सगळं परत येणार होतं. आणि पुण्यातली ती स्वच्छ खोली आठवत होती. तिथं संडासाचं दार आतून लावायचीसुद्धा गरज नव्हती, कारण बाहेर कुणीच नसायचं.

त्यानं मोजा काढला. मग चष्मा आणि मास्क काढला. डोक्यावरची टोपी काढली.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली. त्यांनी पातेल्यात पुन्हा बोटं बुडवली आणि त्याच्या उघड्या तळव्यावर दही ठेवलं. बोटं तिथंच राहू दिली, थंड आणि ओली.

इंद्रजितनं तळवा तोंडाशी नेला आणि चाटला. दही चांगलं लागलं होतं, जरासं आंबट.

"इंदर, अरं काय केलंस," आत्ती खाली बसली.

रीतीप्रमाणे आता मागे न बघता बाहेर पडायचं होतं. इंद्रजितनं सूटची चेन खाली ओढली, पाय बाहेर काढले आणि पलंगाच्या कडेवर बसला. मग दहीभाताची वाटी हातात घेतली आणि पहिला घास आबांच्या तोंडाशी धरला.

डॉ. तांबोळींनी पुढच्या महिन्यातले रिपोर्ट पाहिले. जिवाणूंची वस्ती संपली होती, मागमूसही उरला नव्हता.

"रागवावं का नको, मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

"रागवा."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जुन्या औषधांची चिठ्ठी लिहिली. विषाणूला दाद न देणाऱ्या नव्या जिवाणूवर काम चालू आहे, कधी येईल याचा शब्द देत नाही, असंही म्हणाल्या. इंद्रजितनं पुण्याची खोली सोडली. सामान आणायला गेला तेव्हा फाटकावरचा खडू बघून त्यानं वॉचमनला विचारलं, हे लिहितं कोण? वॉचमननं वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांचं नाव सांगितलं. इतकी वर्षं ते त्याच्याच जिन्यात राहत होते आणि तो त्यांच्याशी 'बरंय ना'च्या पुढे बोलला नव्हता. तो वर गेला, बेल वाजवली. आजोबा घरी नव्हते.

दुखणं पावसाळा सरताना आलं. आधी दबकत आलं, मग हक्कानं. एका दुपारी तो शेडमध्ये फडकी मोजत होता आणि पोटात पहिला खरा पीळ पडला. विसरला होता तो. शरीर असं विसरतं की परत आल्यावर पुन्हा पहिल्यांदाच आल्यासारखं वाटतं. तो पोट धरून अंगण ओलांडत गेला, गंजलेलं पत्र्याचं दार ओढून घेतलं.

रक्त होतं. भिंतीला डोकं टेकून तो बसला. घाम फुटला. आपण काय करून बसलो, असं त्याला वाटलं. तेव्हा हात पुसला असता, निघून गेलो असतो, तर आत्ता मिसळ खात बसलो असतो. पश्चात्ताप झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो तिथं बसून चांगला रडला.

बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज आला. लोखंडी खुर्ची दाराच्या आणखी जवळ ओढल्याचा. हळू, थांबत थांबत. मग काठी टेकल्याचा, मग जड काहीतरी खुर्चीत बसल्याचा आणि मोठ्यानं श्वास घेतल्याचा. कोसळल्यापासून आबा पलंगापासून अंगणाच्या कडेपर्यंत एकटे चालत आले नव्हते.

"च," बाहेरून आवाज आला. मग पुन्हा, जोर लावून, "च... क..."

आत इंद्रजितनं डोळे पुसले. "चक्का?"

बाहेर काठीचा एक ठोका पडला.

"पाणी सोडंना झालाय का?"

पुन्हा एक ठोका.

"बाजीरावला सांगतो बघायला," तो म्हणाला. पोटात परत पीळ आला, तो सरेपर्यंत त्याला बोलता आलं नाही. बाहेरचा श्वास तिथंच होता.

"आबा," तो म्हणाला, "बसा तिथंच. मला वेळ लागंल."